कपाळावरची पट्टी आणि मॉनिटरवरचे दोन आकडे: मेंदूतल्या रक्तस्रावानंतर विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या आयसीयूबाहेरच्या बाकांवर मालेगाव, सुरगाणा, निफाड, सिन्नर अशा चहूकडची माणसं बसलेली असतात. पाच मिनिटांसाठी आत सोडतात तेव्हा पेशंटच्या कपाळावर दोन पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात, त्यांच्या वायरी मॉनिटरला गेलेल्या असतात आणि पडद्यावर ६६ आणि ६४ असे काहीतरी आकडे असतात. बाहेर आलं की त्या आकड्यांवरच चर्चा सुरू होते. ही उत्तरं मुख्यतः नातेवाइकांसाठी आहेत. पट्टी कशी लावायची आणि आकडा पडला तर काय तपासायचं, हे दोन प्रश्न आयसीयूत नव्यानं लागलेल्या सिस्टर, ब्रदर आणि निवासी डॉक्टरांसाठी आहेत. बाकीच्यांनी ते वगळले तरी चालेल.

ही पट्टी नेमकं काय मोजते?

पट्टीच्या खाली मेंदूचा जो पुढचा भाग येतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांमधल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आहे, ते ती मोजते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. पुरवठा कमी पडू लागला की पेशी रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात, परत जाणाऱ्या रक्तात कमी उरतो आणि आकडा खाली येतो. आकडा म्हणजे आवक आणि खप यांच्यातली शिल्लक. तो रक्ताचा प्रवाह मोजत नाही, मेंदूवरचा दाब मोजत नाही आणि पेशंट शुद्धीवर कधी येईल हे तर मुळीच सांगत नाही.

कवटी हाडाची. प्रकाश आत जातो कसा?

अंधारात मोबाइलचा टॉर्च तळहाताच्या मागे धरा. हात लाल दिसतो. निळा-हिरवा प्रकाश रक्तमांसात अडकतो, लाल थोडा पार होतो. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश त्याहून खोल जातो, हाडातूनही. याच पट्ट्यात ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात: ७६० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजन नसलेलं जास्त, ८०० च्या वर गेल्यावर ऑक्सिजन असलेलं जास्त. दोन किंवा अधिक रंगांचा प्रकाश सोडून परत किती आला ते पाहिलं की प्रमाण काढता येतं. जिवंत मेंदूवर असं मोजता येतं हे शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखवलं.

पट्टीत प्रकाश सोडणारे दिवे एका टोकाला आणि तो टिपणारे दोन डोळे दुसऱ्या बाजूला असतात. प्रौढांच्या एका प्रचलित सेन्सरमध्ये हे डोळे दिव्यापासून ३ आणि ४ सेंटीमीटरवर असतात. प्रकाश केळ्याच्या आकाराच्या वाटेनं आत जाऊन परत येतो. डोळा जितका लांब, तितकी वाट खोल. जवळच्या डोळ्याला मुख्यतः कातडी आणि हाड दिसतं, लांबच्याला त्यासोबत मेंदूचा वरचा थरही. एकातून दुसरं वजा केलं की मेंदूचा वाटा उरतो. ही वजाबाकी कधीच शंभर टक्के साफ होत नाही आणि पट्टीच्या बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

बोटाला ऑक्सिमीटर लावलेलाच आहे, मग ही वेगळी पट्टी कशाला?

बोटावरचा ऑक्सिमीटर नाडीचा ठोका पकडतो आणि फक्त धमनीतलं रक्त मोजतो. म्हणजे फुप्फुसं काम करताहेत का, एवढंच तो सांगतो. बोटावर ९८ असताना मेंदूचा एखादा भाग उपाशी असू शकतो. कपाळावरच्या पट्टीला ठोका लागत नाही. ती धमनी, केशवाहिन्या आणि शिरा यांतलं सगळं रक्त एकत्र पाहते आणि त्यात शिरांतलं, म्हणजे वापरून परत निघालेलं रक्तच जास्त असतं.

किती आकडा चांगला?

बऱ्याच निरोगी माणसांत तो ६० ते ८० च्या दरम्यान असतो. पण खरी मोजपट्टी म्हणजे त्या पेशंटचा स्वतःचा सुरुवातीचा आकडा. त्याला आयसीयूत बेसलाइन म्हणतात. बेसलाइनच्या २० टक्क्यांहून जास्त घसरण झाली किंवा आकडा ५० च्या खाली गेला की कारण शोधायला लागायचं, असा सर्वसाधारण रिवाज आहे.

इथे गल्लत होते ती टक्क्यांच्या हिशोबात. डावीकडची बेसलाइन ६६ असेल तर २० टक्के घसरण म्हणजे ४६ नव्हे. ६६ चे २० टक्के साधारण १३, म्हणजे ५३ च्या खाली गेलं की हालचाल करायची. ४६ ची वाट पाहत बसलं तर फार उशीर झालेला असतो.

आणखी एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. हे २० टक्के आणि ५० चे आकडे मुख्यतः हृदयाच्या आणि मानेतल्या धमनीच्या शस्त्रक्रियांमधल्या अनुभवातून आलेत. रक्तस्राव झालेल्या मेंदूसाठी असा पक्का आकडा अजून ठरलेला नाही. त्यामुळे त्यांना धोक्याची घंटा समजा, लक्ष्मणरेषा नव्हे.

शेजारच्या पेशंटचा ७२ आणि आमच्या वडिलांचा ६३. म्हणजे ते जास्त सीरियस?

नाही. अशी तुलना करूच नका. मशीन वेगळं असेल तर एकाच मेंदूचे दोन आकडे येतात. समजा धमनीत ९८ टक्के आणि शिरेत ६० टक्के ऑक्सिजन आहे. एक कंपनी शिरांचा वाटा ७५ टक्के धरते, तिचा आकडा येतो ६९.५. दुसरी ७० टक्के धरते, तिचा येतो ७१.४. माणूस तोच, मेंदूही तोच.

मशीन एकच असलं तरी फरक पडतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर आकडा कमी येतो. कावीळ असेल तरी कमी दाखवतो. कातडीतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं, त्यामुळे गडद वर्णाच्या माणसांत काही मशीन आकडा थोडा कमी दाखवतात. आयुष्यभर द्राक्षबागेत उन्हात राबलेल्या माणसाचं कपाळ आणि ऑफिसात बसणाऱ्याचं कपाळ प्रकाशाच्या दृष्टीनं सारखं नसतं.

रक्तस्राव तर थांबलाय असं डॉक्टर म्हणतात. मग इतके दिवस पट्टी का?

मेंदूवरची फुगलेली रक्तवाहिनी फुटून आवरणाखाली रक्त पसरलं असेल, तर दुसरा धोका नंतर येतो. बाहेर सांडलेल्या रक्तामुळे आसपासच्या धमन्या आकसतात आणि मेंदूच्या काही भागाला रक्त कमी पडू शकतं. कॉइलिंग किंवा क्लिपिंग (फुटलेली जागा आतून तारेनं भरून किंवा बाहेरून चिमटा लावून बंद करणं) व्यवस्थित झालं, पेशंट बोलायला लागला आणि सातव्या दिवशी अचानक एक हात लुळा पडला, असं होतं ते यामुळे. हा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंतचा. म्हणून या त्रासापासून वाचवणारं निमोडिपिन हे औषध ६० मिलिग्रॅम दर ४ तासांनी २१ दिवस देतात आणि डोक्यावर सोनोग्राफीचा प्रोब धरून धमन्यांमधला वेग मोजतात. मधल्या मुख्य धमनीतला सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटीमीटरच्या वर गेला की कान टवकारायचे, २०० च्या वर म्हणजे आकसणं तीव्र.

सोनोग्राफी दिवसातून एकदा-दोनदा होते. पट्टी मात्र रात्री ३ वाजताही पाहत असते, हा तिचा फायदा. उणीव अशी की ती फक्त कपाळामागचा भाग पाहते. डोक्याच्या मागच्या बाजूच्या धमन्या आकसल्या तर तिला पत्ताही लागत नाही.

ब्लडप्रेशर वाढून मेंदूच्या आत खोलवर रक्तस्राव झालेल्यांत, आणि आपल्याकडे असेच पेशंट जास्त दिसतात, पट्टीचा उपयोग त्याहून मर्यादित आहे. तिथे ती मुख्यतः प्रेशर उतरवताना मेंदूला रक्त कमी तर पडत नाही ना, एवढ्यावर नजर ठेवायला कामी येते.

पट्टी लावायची योग्य पद्धत कोणती?

पेशंट स्थिर असताना, शक्यतो उपचारात मोठा बदल करण्याआधी लावा, नाहीतर बेसलाइनच चुकीची मिळते. आधी कोरड्या गॉजनं कपाळ पुसा, मग स्पिरिटनं तेल काढा आणि कातडी पूर्ण वाळू द्या. ओल्या कातडीवर लावलेली पट्टी दोन तासांत सुटते.

आपल्याकडच्या कपाळांवर काय-काय असतं ते परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं. चंदनपुरीहून आलेल्याच्या कपाळावर भंडारा फासलेला असतो, त्र्यंबकेश्वरच्या वारकऱ्याला गोपीचंदन, सप्तशृंगी गडावरून आलेल्यांना मळवट. भुकटी राहिली की गोंद नीट धरत नाही आणि फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. ती काढावी लागते, पण घरच्यांना सांगून काढा. टिकली मात्र बहुधा तशीच ठेवता येते, कारण ती मध्यभागी असते आणि सेन्सर तिच्या दोन्ही बाजूंना लागतात. पेठ-सुरगाण्याकडच्या वयस्क बायकांच्या कपाळावर गोंदण असतं. त्याच्या काळ्या रंगात काजळी असते आणि ती हा प्रकाश गिळते, म्हणून गोंदण सेन्सरखाली येऊ देऊ नका.

जागा: भुवईपासून साधारण दोन बोटं वर, केसांच्या रेषेखाली, मधली रेषा सोडून. मधल्या रेषेखाली मोठी शीर आहे, भुवईला चिकटून हवेची पोकळी आहे, कानशिलाकडे सरकलं तर स्नायू येतो. तिन्ही ठिकाणी आकडा फसवा. डावीकडची वायर डाव्या चॅनेललाच गेली आहे ना, हे बोटानं वायर धरून शेवटपर्यंत पाहा. उलटी जोडली तर एका बाजूची घसरण दुसऱ्या बाजूची समजली जाईल. आकडा पाच-दहा मिनिटं स्थिर राहिला की बेसलाइन सेव्ह करा आणि कागदावर तिच्यासोबत तेव्हाचं ब्लडप्रेशर, बोटावरचा ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन आणि ताप लिहा. नुसता ‘बेसलाइन ६६’ लिहून ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लागत नाही.

आकडा अचानक पडला. काय तपासायचं, कोणत्या क्रमानं?

आधी पेशंटकडे पाहा: बाहुल्या, हातापायांची हालचाल, हाकेला प्रतिसाद. त्यात बदल असेल तर पुढची यादी बाजूला ठेवून लगेच सीनियरना बोलवा. बदल नसेल तर एक प्रश्न विचारा: दोन्ही बाजू पडल्या की एकच?

दोन्ही पडल्या तर कारण बहुधा मानेखाली असतं. ब्लडप्रेशर पाहा आणि आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर खाली लोंबकळत नाही ना तेही पाहा, कारण तो १० सेंटीमीटर खाली गेला तर प्रेशर सुमारे ७ मिलिमीटर जास्त दिसतं आणि कमी प्रेशर झाकलं जातं. निमोडिपिनचा डोस कधी दिला ते पाहा. डोसनंतर प्रत्येक वेळी प्रेशर घसरत असेल तर ६० दर ४ तासांऐवजी ३० दर २ तासांनी द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. मग व्हेंटिलेटर. कार्बन डायऑक्साइड ३५ च्या खाली गेला असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आकडा पडतो. रात्री कुणी रेट वाढवून ठेवलेला असतो आणि सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, हे कारण फार वेळा सापडतं. त्यानंतर हिमोग्लोबिन, ताप, आणि बाहेरून न दिसणारी फिट. ताप आणि फिट दोन्हींत मेंदूचा खप वाढतो.

एकच बाजू पडली तर आधी पट्टी सुटली आहे का, खाली घाम आहे का, खिडकीचं ऊन थेट पडतंय का ते पाहा. मान एका बाजूला वळलेली असेल किंवा ट्यूबची नाडी गळ्याभोवती घट्ट बांधलेली असेल तर शिरांतलं रक्त अडतं. मान सरळ करा, डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवा, नाडीखालून दोन बोटं जातात का पाहा. हे सगळं ठीक असूनही आकडा वर येत नसेल, तर त्या बाजूच्या धमनीचं आकसणं किंवा नवा रक्तस्राव हे धरूनच चाला आणि सीटी किंवा अँजिओग्राफीचा निर्णय वरिष्ठांकडे न्या.

पट्टीखालीच रक्त साचलं असेल तर?

मग ती पट्टी मेंदू पाहतच नाही. कवटीखालची गाठ किंवा कपाळाला मार लागून आलेली सूज प्रकाश वाटेतच अडवते. मशीन एकतर आकडा देतच नाही किंवा गोठलेल्या रक्ताचाच आकडा देतं. ओळखायची खूण अशी: ब्लडप्रेशर बदला, श्वास बदला, पठ्ठ्या हलत नाही. जिवंत मेंदूचा आकडा थोडाथोडा सतत वरखाली होत असतो. तासन्‌तास एका जागी चिकटलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतर आत राहिलेली हवाही असाच घोळ घालते.

आकडा ८५ आहे. म्हणजे उत्तम?

दरवेळी नाही. जो भाग मेलाय तो ऑक्सिजन वापरतच नाही, त्यामुळे तिथून परत निघणारं रक्त भरलेलंच राहतं. मृत व्यक्तींच्या कपाळावरही या यंत्रांनी चांगले वाटणारे आकडे दाखवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आकडा चढत चाललाय आणि पेशंट मात्र खालावतोय, तर पेशंटवर विश्वास ठेवायचा, मशीनवर नाही.

प्रेशर वाढवायचं औषध सुरू केलं आणि आकडा उलट पडला. का?

नॉरअॅड्रेनलिननं कपाळाच्या कातडीतल्या रक्तवाहिन्याही आकसतात आणि आधी सांगितलेल्या अपुऱ्या वजाबाकीमुळे तो परिणाम आकड्यात शिरतो. मेंदूला रक्त नीट मिळत असतानाही आकडा काही टक्के खाली दिसू शकतो. फक्त तेवढ्यावरून औषध बंद करणं चूक. सोनोग्राफीतला वेग आणि पेशंटची तपासणी सोबत घ्या.

कवटीला छिद्र पाडून तार घालतात, तिच्यापेक्षा हे चांगलं का?

सोपं आहे, पण अचूक नाही. मेंदूत घातलेली तार त्या जागेचा ऑक्सिजनचा दाब थेट मोजते आणि २० मिलिमीटरच्या खाली गेला की उपचार सुरू करतात. तिच्यासोबत जंतुसंसर्ग आणि थोड्या रक्तस्रावाचा धोका येतो. पट्टीत तो धोका नाही, संमतिपत्रावर शस्त्रक्रिया लिहावी लागत नाही. म्हणून पट्टी इतर तपासण्यांच्या सोबतीला ठेवतात. एकट्या पट्टीवर उपचार ठरवावेत इतका पुरावा आज नाही.

असंच यंत्र ॲम्ब्युलन्समध्ये असेल तर सीटी वाचेल का?

त्या यंत्राचं काम वेगळं आहे. हातात धरून डोक्याला लावायची इन्फ्रास्कॅनरसारखी यंत्रं डावी-उजवी बाजू ताडून आत रक्ताची गाठ आहे का ते सांगतात. भारतीय बनावटीचं सेरेबो हेही याच प्रकाशावर चालतं. इन्फ्रास्कॅनरला ३.५ मिलिलिटरहून मोठी आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून अडीच सेंटीमीटरच्या आतली गाठ सापडते. मुंबई-आग्रा हायवेवरच्या अपघातात डोक्याला मार लागला असेल तर त्याचा उपयोग आहे. पण ब्लडप्रेशरनं होणारा रक्तस्राव बहुधा खोल असतो, तिथे ते पोहोचत नाही. अर्ध अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखलं, तर १०८ लावा आणि जिथे सीटी चालू आहे तिथे थेट न्या.

नवजात बाळांनाही लावतात का?

लावतात. त्यांची कवटी पातळ, त्यामुळे प्रकाश सहज जातो. त्यांचे सेन्सर वेगळे आणि छोटे असतात. प्रौढांचा कापून लावायचा नसतो. मात्र २०२३ साली जाहीर झालेल्या सेफबूसी-३ या मोठ्या चाचणीत, १,६०१ अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, या निरीक्षणानुसार उपचार करून मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही.

पट्टीनं चटका बसतो का? धुऊन परत वापरता येते का?

प्रकाश मंद असतो, चटका बसत नाही. त्रास होतो तो गोंदाचा आणि दाबाचा. सुजलेल्या कातडीवर तासन्‌तास राहिली तर वळ उठतो, फोड येतो. दर पाळीला कडेची कातडी पाहावी आणि साधारण २४ तासांनी पट्टी बदलावी. वरून घट्ट बँडेज गुंडाळू नये. एमआरआयला नेताना ती काढलीच पाहिजे.

धुऊन परत वापरायची नाही. सेन्सर महाग असतो म्हणून काही ठिकाणी तोच पुसून, वरून चिकटपट्टी मारून लावला जातो. गोंद गेला की कडेनं उजेड शिरतो आणि पुढचे सगळे आकडे संशयास्पद होतात. तसं करण्यापेक्षा न लावलेला बरा.

नाशिकमध्ये ही सोय सगळीकडे मिळते का?

सगळीकडे नाही. जिथे हृदयाच्या बायपास शस्त्रक्रिया होतात तिथे हे मशीन असण्याची शक्यता जास्त, कारण ते मुळात तिथेच जास्त वापरलं जातं. पण फक्त पट्टीसाठी पेशंट हलवू नका. न्यूरोसर्जन, चोवीस तास सीटी, कॉइलिंगची सोय आणि रात्रीही पुरेसा स्टाफ, या चार गोष्टी पट्टीच्या कितीतरी आधी येतात. जन आरोग्य योजनेत दाखल असाल तर सेन्सरचे पैसे वेगळे मागितले जातील का, हे पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला विचारून घ्या.

राउंडच्या वेळी डॉक्टरांना काय विचारावं?

‘आज आकडा किती?’ हे विचारू नका. बेसलाइन किती होती, काल रात्रीपासून सर्वांत खाली किती गेला, त्या वेळी काय केलं, आणि डावं-उजवं यांत फरक पडतोय का, हे चार प्रश्न विचारा. रक्तस्राव झाल्याला आज कितवा दिवस आहे तेही वहीत लिहून ठेवा. दिवस पहिल्या तीव्र डोकेदुखीपासून मोजायचे, दाखल केल्यापासून नाही.

आत मोबाइल नेला तर आकडा बिघडतो का?

मोबाइल जवळ असल्यानं नाही. पट्टी कडेनं सुटलेली असेल तर फ्लॅश मारून फोटो काढल्यानं क्षणभर बिघडू शकतो. फोटो काढायचाच असेल तर आधी सिस्टरना विचारा, आणि पट्टीची कड उचललेली दिसली तर ती स्वतः दाबू नका, त्यांना दाखवा.